एका कोऱ्या पानाबद्दल आभार

आदरणीय सिस्टर,

आपण माझ्या हाती दिलेले कागद मी त्याच रात्री बारीक फाडून टाकले, पण त्यांवरचा शब्दन् शब्द मला पाठ आहे. म्हणूनच हे पत्र उघडपणे, मात्र आपले आणि माझे नाव न घालता लिहीत आहे.

मी कर्णबधिर आहे, आणि ज्या अल्पसंख्य समाजातून मी येते तो इतका लहान आहे, की आमच्या भाषेसोबत खुणांची भाषाही जाणणाऱ्या एकमेव दुभाषी बाई माझ्या सासूबाईंच्या रोजच्या बैठकीतल्या आहेत. गर्भनिरोधनासाठी आपल्याकडे येण्यापूर्वी मी दोन डॉक्टरांकडे गेले होते. पहिल्यांनी माझ्याकडे न पाहता नणंदेला विचारले, "हिला कशाला हवंय हे?" दुसऱ्यांनी तिलाच सुचवले, की ऑपरेशन करून टाका, कटकट मिटेल. मला ओठ वाचता येतात, हे दोघांच्याही ध्यानात आले नसावे. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात आरोग्याची माहिती खासगी राखण्याचा, मुले किती आणि कधी हे स्वतः ठरवण्याचा आणि जननक्षमता अबाधित राखण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण माझ्या बाबतीत तो अमलात आला तो आपल्या टेबलावर, एका साध्या वहीत.

आपण नणंदेला बाहेर बसवलेत, मास्क खाली घेतलात आणि दुभाषी हवी का, हे मलाच विचारलेत. मी नको म्हणताच वही पुढे ओढून पहिला प्रश्न लिहिलात, "तुम्हाला काय हवे आहे?" गोळ्यांचे पाकीट घरात सापडेल, ही माझी भीती आपण हसण्यावारी नेली नाहीत. दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा घरात मागमूस राहत नाही, हे सांगतानाच पाळी अनियमित होऊ शकते आणि ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हेही लिहिलेत. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते, पण रक्तस्राव वाढू शकतो, हेही दडवले नाहीत. निवड माझ्यावर सोडलीत.

निघताना आपण ती पाने वहीतून काढून, घडी घालून माझ्या हातात दिलीत. मग वही उजेडात तिरकी धरलीत, खालच्या कोऱ्या पानावर पेनचा दाब उमटलेला आपल्याला दिसला, आणि काही न बोलता तेही पान फाडून आपण माझ्या घडीत सरकवलेत. कोणी शिकवून येणारी ही गोष्ट नव्हे. दुसऱ्याच्या घरात काय घडू शकते याचा विचार ज्याच्या मनाला आपोआप शिवतो, त्यालाच ती सुचते, आणि अशा माणसांना आपल्याकडे 'साधी' म्हणून बाजूला सारले जाते, याचा मला राग येतो.

पुढचे इंजेक्शन याच महिन्यात आहे. या वेळी वही मी आणीन.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण