आधी पाय मोज, मग दाते

दादर, मुंबई

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. सायकलचे पुढचे ४४ दात्यांचे चक्र काढून ५२ दात्यांचे बसवले म्हणजे वेग वाढेल, असे तुझ्या मनाने घेतले आहे. पण पैसे मोजण्याआधी माझे एवढे ऐक.

तुझ्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, सर्वांत लहान चक्र १४ दात्यांचे आहे. ४४ ला १४ ने भागले की ३.१४ येतात, म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचे चाक तीन वेळांहून थोडे जास्त फिरते, आणि तुझ्या टायरचा घेर सुमारे २.१ मीटर असल्यामुळे सायकल ६.६ मीटर पुढे सरकते. मरीन ड्राइव्हवर ताशी ३२ किलोमीटरच्या पुढे आकडा हलत नाही, असे तू लिहितोस. हा वेग मिनिटाला पेडलच्या जेमतेम ८१ फेऱ्यांचा आहे. याच गिअरमध्ये ९० फेऱ्या मारल्यास तू ३५ च्या वर जाशील. तुला अडवते आहे ती समोरची हवा. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ३२ चे ३६ करायचे तर ती सुमारे ४२ टक्के जास्त लागते, आणि तेवढा जोर मांड्यांतच असावा लागतो.

गेल्या वर्षी मी हीच हौस केली आणि साखळी जुनीच ठेवली. वाळकेश्वरच्या चढावर मागे सर्वांत मोठ्या, २८ दात्यांच्या चक्राचा गिअर टाकताच साखळी तारेसारखी ताणली गेली आणि डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा पार पुढे ओढला जाऊन वाकला. आठ दाते वाढवले की साखळीत चार कड्या वाढवाव्या लागतात, हे मला तेव्हा कळले. कड्या वाढवल्या, तरी सगळेच गिअर १८ टक्के जड झाले होते. गुडघे दुखू लागले आणि सपाटीवर मी १४ सोडून १६ वरच चालवू लागलो. ५२ भागिले १६ म्हणजे ३.२५, जवळजवळ जुनाच गिअर.

सपाटीवर तुझे पाय सहज मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वर फिरून पेडलला जोरच लागेनासा झाला, तर गिअर अवश्य बदल. तेव्हाही मी मागे कॅसेट हबचे (ज्याच्या तुंब्यावर चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, सरकवून बसवतात असे) चाक घेऊन १२ ते २८ दात्यांची कॅसेट लावीन, म्हणजे वरचा गिअर ७.७ मीटरचा होईल आणि चढाचा आहे तसाच राहील.

रविवारी पहाटे नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत जाताना आणि परत येताना, उजवा गुडघा अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येतो ते मोज आणि दोन्ही आकडे मला कळव. मग दुकानात आपण बरोबरच जाऊ.

तुझा,
सुहास