गरुडाच्या मानेवरचा कावळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण कावळा आणि गरुडाची ती गोष्ट छापलीत. कावळा गरुडाच्या मानेवर बसून टोचा मारतो, गरुड न भांडता उंच उंच जातो आणि प्राणवायू कमी पडून कावळा खाली कोसळतो. हीच गोष्ट मला व्हॉट्सॲपवर तीन ठिकाणांहून आली होती, तेव्हा हसून सोडून दिली. पण पेपरात आली म्हणजे खरीच, असे धरून नातवाने ती शाळेत परिपाठाला वाचली. म्हणून हे पत्र.

मी हर्णैचा. सायकलवरून टपाल वाटण्यात नोकरी गेली. वाटेवर सुरूच्या बनात समुद्री गरुडाचे घरटे होते. दरवर्षी तेच, वर नव्या काटक्या चढवत चढवत सरपणाच्या भाऱ्याएवढे झालेले. कावळे त्याच्या मागे लागलेले मी इतक्यांदा पाहिलेत की पुढे पुढे सायकलवरून उतरेनासा झालो. कावळा यायचा तो मागून आणि वरून, नख्यांच्या टप्प्याबाहेरून. जमले तर शेपटी ओढायची आणि गर्रकन वळायचे. सहा फूट पंखांच्या त्या धुडाला तसे वळता येत नाही. फारच झाले की गरुड हवेतच उताणा होऊन नख्या दाखवी, की कावळे पांगले. एरवी मुकाट निघून जाई. मन मोठे म्हणून नव्हे हो, उगाच पंख मारायला ताकद लागते आणि कावळ्यामागे धावून हाती काही येत नाही. दोन मिनिटांत सगळे आटपायचे. आभाळातून पडलेला कावळा मला एकदाही दिसला नाही.

आणि प्राणवायू! एव्हरेस्टवर ८,००० मीटरच्या वर गिर्यारोहकांच्या मागे गेलेला पिवळ्या चोचीचा काळा पक्षी कावळ्याच्याच कुळातला आहे.

गोष्टीसोबतचे छायाचित्र अमेरिकेतल्या गरुडाचे आहे. आमच्या गरुडाचे डोके पांढरे तसे पोटही पांढरे, चोच करडी. त्या चित्रातला कावळा काही क्षण पाठीवर टेकला आणि आपल्या वाटेने उडून गेला, असे छायाचित्रकारानेच सांगितले आहे.

गरुडाला साधू करणाऱ्यांनी एकदा आमच्या बंदरावर यावे. संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो, वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात. एखादीने मासा उचलला की हा गरुड तिच्यावर झेप घेतो, तिला मासा टाकायला लावतो आणि तो हवेतच झेलून पसार होतो. मग कावळे पुन्हा त्याच्या मागे. कावळ्याचे तरी काय चुकले? आपल्या घरट्याजवळ नख्यावाला आला की तो पिल्ले नेणार की नाही, हे तो पाहत बसत नाही.

चाळिशीत चोच खडकावर आपटून फोडणाऱ्या आणि पुन्हा तरुण होणाऱ्या गरुडाची गोष्टही आपल्याकडे येईल. चोच फुटलेला गरुड उपाशी मरेल. ती कृपया छापू नये.

कळावे,
एक निवृत्त पोस्टमन, हर्णै (ता. दापोली)