कमिटीत गेलास ते बरं केलंस

बडोदे, 18 मे 2025

चि. बाब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला. सिंहगड रोडच्या नव्या सोसायटीत तुला आपत्ती कमिटीत घेतलं म्हणे, का तर तू सगळ्यांत तरुण आणि एक्सेलवाला! पावसाळ्याआधी काय काय आणून ठेवायचं त्याची यादी तू मागितली आहेस. ती बाबा करताहेत. दोर, शिट्ट्या, बॅटऱ्या, क्लोरीनच्या गोळ्या असं सगळं त्यात येईल आणि तुला ती फोनवर मिळेल. मी दुसरंच लिहिते आहे. ऑगस्ट 2024 मध्ये इथले फोन बंद पडले होते, आणि लागायला लागल्यावर आम्ही तुला "सगळं ठीक आहे" एवढंच सांगितलं. ठीक होतंच. पण कुणामुळे ते ठीक राहिलं, हे तुझ्या कमिटीला कळायला हवं.

26 ऑगस्टला जन्माष्टमी होती आणि श्रावणी सोमवारही. उपास दोन्हीचा, त्यामुळे घरात साबुदाणा भिजवलेला आणि सुंठवडा करून ठेवलेला. पाऊस धो धो चालला होता. बडोद्याचा माणूस जून लागला की दोनच आकडे विचारतो, तुला ते माहीतच आहे: आजवा तलाव किती आणि काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी किती. नदीची धोक्याची पातळी 26 फूट. त्या वेळी ती 35 फुटांच्याही वर गेली. पाऊस ओसरला तरी पाणी चढतच होतं, आणि शेजारची मंडळी चकित होऊन आकाशाकडे बघत होती. मी इतकी वर्षं शाळेत हेच शिकवलं. पावागढच्या डोंगरावरचं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो, आणि या सपाट शहरातून ते ढाढर नदीकडे, पुढे खंभातच्या आखाताकडे जायला त्याहून जास्त. दोष कुणाचा, नाले कुणी बुजवले, यावर पुढे पेपरांतून आणि नाक्यांवर भरपूर बोलणं झालं. त्यात मी शिरत नाही. शिरले तर पत्र पुरायचं नाही.

मंगळवारी पहाटे आपल्या पायऱ्या बुडाल्या. बाबांचा गुडघा तुला ठाऊक आहे, आणि स्वभाव त्याहून जास्त. "पाणी ओट्यापर्यंत येत नाही, 2019 ला आलं नव्हतं," असं म्हणून ते खुर्चीवर पाय घेऊन बसून राहिले. मागच्या फ्लॅट्समधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बेन छत्री घेऊन गुडघाभर पाण्यातून आल्या. आपण सुरक्षित जागी चला असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "काका, मने एकलीने बीक लागे छे, तमे बे जण आवो ने," म्हणाल्या, म्हणजे मला एकटीला भीती वाटते, तुम्ही दोघं या ना. त्यांचे यजमान भरूचला अडकले होते हे खरं. पण ती बाई रात्री स्मशानावरून एकटी चालत येईल अशी आहे, हे बाबांनाही माहीत आहे. तरी ते उठले. मदत मागणारीच्या घरी जाण्यात त्यांना कमीपणा नव्हता. वर गेल्यावरही बेननी त्यांना पाहुण्यासारखं बसवलं नाही. सगळ्यांचे फोन गोळा करून त्यांच्याकडे दिले, कुणाचा कधी चालू करायचा आणि बॅटरी कशी पुरवायची ते काका ठरवतील म्हणून सांगितलं. पुढे दोन दिवस वीज नव्हती, तुझे बाबा टेलिफोन खात्याच्या थाटात बसले होते.

देणारे पुष्कळ असतात. घेताना समोरच्याची मान खाली जाऊ नये याची अक्कल फार थोड्यांना असते. तुझ्या कमिटीत अशी एक तरी बाई घे. बहुधा ती मीटिंगला येत नसेल.

त्या मजल्यावर आम्ही चार घरची माणसं होतो. त्यात एक जैन कुटुंब होतं आणि पर्युषण तोंडावर आलेलं, म्हणून कांदा-लसूण नाहीच असं न बोलता ठरलं. खिचडी आणि कढी, पुन्हा खिचडी आणि कढी. बुधवारी जुन्या शहरातून मुसलमान पोरांचा एक ट्रॅक्टर पाण्याच्या बाटल्या आणि दूध घेऊन आला. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. याच शहरात तू शाळेत असताना कर्फ्यूचे दिवस आपण घरात काढले आहेत, तेव्हा मी काही भाबडेपणाने लिहीत नाहीये. ट्रॅक्टरवरचा एक जण अगाशीकडे, म्हणजे गच्चीकडे बघून ओरडून विचारत होता, "दवा कोने जोईए छे?" औषध कुणाला हवं आहे, हे विचारणारा तो पहिलाच. समोरच्या इन्सुलिनवाल्या काकांचं काम त्याने केलं.

आता मुख्य गोष्ट. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंगळवारी दुपारपर्यंत सगळे "सेफ" लिहून मोकळे झाले होते. कोपऱ्यातल्या बंगल्यातले एकटे राहणारे आजोबा ग्रुपवर नाहीत. ते सुरतेला मुलाकडे गेले आहेत, असं तिघांनी छातीठोकपणे सांगितलं. दूधवाला अगाशीखालून कमरेइतक्या पाण्यातून सायकल ढकलत चालला होता, तो म्हणाला की काल सकाळी त्यांनी अर्ध्या लिटरची पिशवी घेतली आहे. मग पोरं गेली. आजोबा पलंगावर स्टूल ठेवून त्यावर बसले होते.

दुसरं याहून वाईट. मागे ती नवी इमारत उठते आहे ना, तिथे दाहोदकडची सेंटरिंगवाली कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या खोल्या पहिल्या रात्रीच गेल्या. ती माणसं अर्धवट स्लॅबवर चढून बसली, पोराबाळांसकट. जीव वाचला, पण चूल नाही आणि कोरडं काही नाही. आमच्यापासून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर! आणि फूड पॅकेट वाटणाऱ्या गाड्या तर मुख्य रस्त्यावर येऊन आमच्यासारख्यांनाच वरून दोरीने पिशव्या देत होत्या. काही घरांत थेपल्यांची पाकिटं उरली. आपल्या भांडीवाल्या बेन बुधवारी संध्याकाळी हालहवाल विचारायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, त्यांची नणंद तिथेच राहते म्हणून. त्यानंतर अर्ध्या तासात पातेली गेली, चादरी गेल्या, कुणाच्या तरी घरचा स्टोव्हही गेला. कुणी हात आखडता घेतला नाही. मन मोठंच होतं सगळ्यांचं, पत्ता ठाऊक नव्हता.

तू म्हणशील, आई शिकवायला लागली. लागलेच आहे. 1995 साली जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. अवाजी बेटावरच्या गावात तर कुणाचे आजोबा कोणत्या खोलीत निजतात हे शेजाऱ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुठे खणायचं ते शोधावं लागलं नाही. आपल्याकडे एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती दलाची, सहावी बटालियन शहराजवळच जरोदला आहे, लष्करही आलं, होड्या आल्या, त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं. पण त्यांनाही कुणीतरी घर दाखवावं लागतं. 31 जुलै 2019 ला इथे दिवसभरात सुमारे 20 इंच पाऊस झाला, त्या पुरातला तो फोटो आठवतो? पोलीस सब-इन्स्पेक्टर तान्ह्या मुलीला टबमध्ये घालून डोक्यावरून नेतोय. सगळ्यांना वसुदेव आठवला. त्या माणसाचं धैर्य आहेच. पण माझ्या मनात येतं, या घरात बाळ आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार, आणि तो कुणीतरी फोटोत नाही.

मगरींचं तू तीनदा विचारलं होतंस. हो, आल्या होत्या. वन खात्याने आणि प्राणी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांनी त्या तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी धरल्या, शिवाय साप, कासवं. आपल्या गल्लीत एक लहान मगर आली होती, तिला नेणारी मुलं कॉलेजातली होती आणि त्यांचे हात थरथरत होते, एवढंच. मगर तुझ्या पुण्यात नाही, तो विषय सोड.

पाणी गुरुवारी उतरायला लागलं. चिखलाचा तो वास अजून कपाटाच्या मागे आहे. रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाद्या, फ्रिज, सोफे. पहिले आठ दिवस झाडू-फावडी घेऊन अनोळखी पोरं आली, एक डॉक्टर ओट्यावर बसून सगळ्यांचे पाय तपासून गेले. मग नवरात्रीच्या गरब्याच्या पासची चर्चा सुरू झाली आणि पोरं कमी झाली. त्यांना नावं ठेवत नाही, पोटापाण्याचं त्यांनाही आहे. पण खरं काम तेव्हा सुरू होतं. सरकारी मदतीसाठी सर्व्हे होतो, कॅश डोल म्हणजे रोजच्या खर्चाची रोख मदत वेगळी, घरवखरीचं म्हणजे घरातल्या सामानाचं साहाय्य वेगळं, त्याला आधार लागतं, बँकेचं पासबुक लागतं, राहण्याचा पुरावा लागतो. दाहोदवाल्यांची कागदपत्रं पाण्यात गेलेली, आणि भाडेपावती नावाची वस्तू त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. मी आणि जैनांच्या सूनबाई दुपारी ओट्यावर बसून गुजरातीतले फॉर्म भरत होतो. माझं गुजराती अक्षर तिच्यापेक्षा बरं निघालं, हे मुद्दाम लिहून ठेवते. सगळ्यांना पैसे मिळाले नाहीत. काहींना मिळाले.

भांडणंही झाली, ती लपवत नाही. खालच्या टाक्यांतलं घाण पाणी उपसायला सोसायटीत एकच पंप होता. आधी कुणाची टाकी, यावरून दोन घरांत असं जुंपलं की आदल्या दिवशी एकाच ताटलीत जेवलेली माणसं एकमेकांचं तोंड बघेनात. अजून बघत नाहीत. 7 सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा आरतीला एक जण डावीकडे, एक उजवीकडे. मंडप मोठा घालायचा की वर्गणी गाद्यांना द्यायची यावर तिसरी फळी उघडली होती. शेवटी मंडप लहान झाला, पण डीजेवाल्याचा ॲडव्हान्स परत आला नाही म्हणून तो एक दिवस वाजलाच. तुझे बाबा कानात कापूस घालून बसले होते.

आपल्या लोकांची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, ती मला फार आवडते. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती निजलेल्या माणसांवर पडल्या. त्यातून वाचलेल्या, घरं पुन्हा बांधताना उभं राहायला शिकलेल्या लातूर-उस्मानाबादच्या बायका 2001 च्या भूकंपानंतर कच्छात गेल्या. त्यांच्याकडे देणगी द्यायला पैसे नव्हते. पण घर पडलेल्या बाईला काय विचारायचं आणि काय नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच वेळी ट्रक भरभरून जुने कपडे कच्छात जात होते आणि रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडून होते. तुझी कमिटी कुठे मदत पाठवायला निघाली तर आधी तिथल्या माणसाला फोन करून काय हवं ते विचारा.

तुझ्या भागात 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर पहाटे एकतानगरीत काय झालं, ते तिथल्या जुन्या लोकांकडून ऐकून घे. गाड्या कुठे लावायच्या हे ते सांगतीलच, पण पहिल्या तासाला कोण कुणाच्या दारात गेलं, कुणाकडे कुणीच गेलं नाही, हे विचार. मग रविवारी सकाळी दूधवाला, इस्त्रीवाला आणि जिने झाडणाऱ्या मावशी, तिघांना चहाला बोलव. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोण बाळंतीण आहे, कोण रात्रपाळी करून दिवसा झोपतो, कुठे ऑक्सिजनचं मशीन आहे, हे त्यांना तुमच्या सेक्रेटरीपेक्षा जास्त माहीत असेल. वॉचमन कुठे झोपतो आणि त्याचं कुटुंब कुठे आहे, तेही लिहून घे. पार्किंगमधल्या खोलीत असेल तर पाणी पहिलं त्याच्याकडे येणार. मागे झोपड्या असतील तर तिथल्या एकाचा नंबर तुझ्या फोनमध्ये हवा, आणि तुझा त्याच्याकडे.

पंप कुणाच्या टाकीला आधी लागणार, तो क्रम आत्ताच मीटिंगमध्ये सह्यांनिशी ठरवून टाका. हे मी फार कळकळीने लिहिते आहे.

तू स्वतः शेजारच्या दारावर अजून थाप मारली नसशील, मी तुला ओळखते. पुढच्या आठवड्यात नात्यातलं कुणीतरी पुण्याला येतंय, त्यांच्याबरोबर लीलो चेवडा, आपला इथला हिरवा चिवडा, दोन किलो पाठवते. एक तुला. दुसऱ्याच्या पुड्या करून मजल्यावर वाट, म्हणजे घंटी वाजवायला निमित्त होईल.

बाबांचा आशीर्वाद. त्यांची यादी आता तिसऱ्या पानावर गेली आहे.

तुझी,
आई