ते पत्ते नव्हेत, आप्पा

पिट्सबर्ग,
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

ती. आप्पा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. वेळेवर जेवतो, स्वेटर घालतो. फराळाचा डबा दिवाळीच्या आदल्या दिवशीच पोचला. आई, एकही चकली मोडली नव्हती, कमाल आहे तुझ्या बांधण्याची. करंज्यांचा भुगा झालाय, तो मी दुधात घालून खातो, वाया काही गेलेलं नाही. बाकी माझं रोजचं तुम्हाला पाठ आहे.

पत्र लिहायचं कारण वेगळं. फोनवर आप्पा "हं, बरं, आईकडे देतो" याच्या पुढे जात नाहीत, आणि आईला सांगितलेलं त्यांच्यापर्यंत जातं तेव्हा त्याला फांद्या फुटलेल्या असतात. काल पाडव्याला व्हिडिओवर माझ्या टेबलावर जे पसरलेलं दिसलं, ते पत्ते नव्हेत. "पोरगं अमेरिकेत जाऊन पत्ते कुटायला लागलं" हे आप्पा ओसरीवर म्हणाले, ते मला इथे स्वच्छ ऐकू आलं. फोन बंद झालाय असं तुम्हाला वाटलं होतं, तो झाला नव्हता.

आप्पा, नानाकाकांचं काय झालं ते मी विसरलेलो नाही. विहिरीवरचं शेत कसं गेलं हे लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की तीन पत्तीचे नियमसुद्धा मी कधी शिकलो नाही. ऑफिसातली मंडळी दिवाळीला खेळायला बसली तेव्हा मी चहा करत होतो.

तर ही चित्रं आहेत. बेसबॉलच्या खेळाडूंची. पुढे फोटो, मागे त्याने कुठल्या साली किती धावा काढल्या, किती गडी बाद केले त्याचा तक्ता. माप तेवढं पत्त्याचंच असतं, अडीच इंच बाय साडेतीन इंच, हे कबूल. लहानपणी मी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटवाल्यांची चित्रं जमवायचो, ती चपलेच्या खोक्यात असायची आणि आईने एका दिवाळीला साफसफाईत बंबात घातली. तोच प्रकार. ही काढणारी टॉप्स नावाची कंपनीसुद्धा मुळात बबलगमवालीच. १९३८ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झाली, पन्नासच्या दशकात गमाबरोबर चित्रं घालायला लागली. पुढे गम गेला, चित्रं राहिली.

आई, तुला बरं वाटावं म्हणून सांगतो, इथल्या आयांनीही तेच केलंय. ही चित्रं विकणारं एक दुकान आहे, तिथे येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याची एकच रड, आईने माझं खोकं टाकून दिलं. कंपनीनेही तेच केलं. १९५२ सालचा न खपलेला माल गोदामात पडून होता, तो १९६० मध्ये बोटीतून नेऊन समुद्रात टाकला. त्याच संचातल्या मिकी मँटल नावाच्या खेळाडूच्या एका चित्राला २०२२ च्या लिलावात एक कोटी सव्वीस लाख डॉलर आले. म्हणजे आपले शंभर कोटींच्या घरात. एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला. (माझी बंबात गेलेली चित्रं तेवढ्याची नव्हती, काळजी करू नकोस.)

काल टेबलावर होता तो यंदाचा नवा संच, टॉप्स क्रोम. हा दरवर्षी निघतो, १९९६ पासून. साध्या पुठ्ठ्याच्या चित्रावर एक चकचकीत थर चढवलेला असतो, आरशासारखा. आणि त्यातली थोडी चित्रं खास असतात, त्यांना रिफ्रॅक्टर म्हणतात. आपल्या इंजिनाखाली डबक्यात डिझेल सांडलं की पाण्यावर जे रंग फिरतात ना, तसे रंग त्यावर फिरतात. समोर धरलं तर साधंच चित्र. जरा तिरपं केलं की मोरपीस. एकेका खेळाडूची सोनेरी काठाची फक्त ५० छापतात, नारिंगी २५, लाल ५, आणि सुपरफ्रॅक्टर म्हणून प्रत्येक खेळाडूचं एकच. चित्रावरच आकडा छापलेला असतो, पन्नासातलं कितवं ते. पाकीट बंद असतं, आत काय आहे कुणालाच ठाऊक नसतं. मला एक सोनेरी मिळालं, ५० पैकी १७ वं. खेळाडूचं नाव इथल्या लोकांनीही ऐकलेलं नव्हतं.

इथे आप्पा म्हणणार, मग ही लॉटरीच झाली. तसं नाही. लॉटरीत हरलात की हातात काही राहत नाही, इथे चित्र राहतं. आणि तुम्ही जेव्हा आलं लावता तेव्हा तरी भाव काय मिळणार हे कुठे... असू दे. ते राहू दे.

आता एक गंमत सांगतो, ती मला तीन महिने समजली नव्हती. ही जमवणारी माणसं चित्रं बघतच नाहीत. म्हणजे बघतात, पण हात लावत नाहीत. दुकानात एक लांब टेबल आहे, त्यावर काळी रबरी चटई. पाकीट फाडायचं, चित्र कडांना दोन बोटांत धरायचं, रंग फिरला की "अरे वा" म्हणायचं आणि लगेच पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचं. ती पिशवी पुन्हा जाड प्लास्टिकच्या कव्हरात. मग भारी चित्र असेल तर पोस्टाने विमा उतरवून परीक्षकांकडे धाडायचं. हो, परीक्षक! पैसे भरून धाडायचं. तिथे कुणी अनोळखी माणूस भिंग लावून त्याचे चारी कोपरे बघतो, कडा बघतो, पृष्ठभागावर ओरखडा आहे का बघतो, चित्राच्या डाव्या-उजव्या समासात किती फरक आहे ते मोजतो आणि १० पैकी गुण देतो. आपल्याकडे ३६ असतात, इथे १०. मग ते चित्र कडक डबीत कायमचं बंद करून गुणांची चिठ्ठी लावून परत येतं. दहाला दहा मिळाले तर किंमत कितीतरी पट, नऊ मिळाले तर माणूस असा तोंड पाडून बसतो की जणू पोरगं दहावीत गचकलं. खेळाडूने मैदानात काय दिवे लावले याच्याशी त्या गुणांचा काडीचा संबंध नाही. मी एकदा विचारलं, मग हे चित्र हातात घेऊन कधी बघायचं? सगळे माझ्याकडे बघत राहिले. लग्नातली भांडी माळ्यावर ठेवणाऱ्या घरातला मुलगा मी, मला तरी नवल वाटायला नको होतं.

आणखी एक, ही चकचकीत चित्रं दमट हवेत वाकतात, अगदी पापडासारखी. म्हणून ती वजनाखाली ठेवावी लागतात. आई, तू दिलेला पोळपाट त्यासाठी फार उपयोगी पडतो. पोळ्यांसाठीही वापरतो. रविवारी.

शनिवारी मी दुकानात जातो ते चित्रांसाठीच असं नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत इथे माणसाशी बोलायचं म्हटलं तर बिलाच्या काउंटरवर बोलणार, तेही आता यंत्र झालंय. दुकानात दहा-बारा माणसं असतात आणि मला नावाने हाक मारतात. नाव चुकीचं उच्चारतात, पण मारतात. त्यातले एक आजोबा पंच्याहत्तरीचे आहेत, पोलादाच्या कारखान्यात होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ते तुमच्याकडचे दोघे पोरगे आता काय करतात? मला कळेना. मग कळलं की २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी पोरं टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून निवडून इथल्याच पायरेट्स संघाने करारावर घेतली होती. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातातसुद्धा धरला नव्हता. मुख्य संघापर्यंत नाही पोचली. रिंकू पुढे टीव्हीवरच्या कुस्तीत गेला, हे मी आजोबांना सांगितलं तर ते तास झाला हसत होते.

या आजोबांच्या खिशातल्या पैशांच्या पाकिटात एक चित्र आहे, १९७२ सालचं, रोबेर्तो क्लेमेंटेचं. मधोमध घडी पडलेली, कोपरे गोल झालेले. दहापैकी एखाददुसरा गुण मिळाला तर मिळेल. हा क्लेमेंटे पायरेट्सचा मोठा खेळाडू. १९७२ च्या शेवटच्या दिवशी, निकाराग्वात भूकंप झाला म्हणून मदतीचं सामान घेऊन निघाला आणि विमान समुद्रात पडलं. आप्पा, मी त्यांना कोयनेचं सांगितलं, तुम्ही सांगता तसं, ६७ सालचं, रात्री सगळं गाव अंगणात बसून होतं ते. ते म्हणाले, वडलांना माझा नमस्कार कळव. तो कळवला.

संघाचं म्हणाल तर यंदाही आपल्या गटात तळालाच. १९७९ नंतर अजिंक्यपद नाही. पण पॉल स्कीन्स नावाचा एक गोलंदाज आहे, तासाला १६० किलोमीटरने टाकतो. त्याचं एक चित्र, पहिल्या सामन्यात शर्टावर लावलेला बिल्ला कापून त्यात बसवलेला, जगात एकच, गेल्या नाताळला एका अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं. संघाने त्याला तीस वर्षांची दोन तिकिटं देऊ केली होती. पोराने नाही म्हटलं आणि मार्चमध्ये लिलावात ते अकरा लाख डॉलरला गेलं. हे आप्पांना आवडेल असं वाटून लिहिलं, पण आता वाटतंय की नको होतं लिहायला.

व्हिसाचं टीव्हीवर बघून घाबरू नका. ती एक लाख डॉलरची फी नव्या अर्जांना आहे, माझ्यासारख्या आधीपासून असलेल्यांना नाही. माझी नोकरी नीट आहे. फक्त इतकंच, ऑफिसच्या वकिलांनी सांगितलंय की सध्या देशाबाहेर जाणं टाळा, शिक्का मारायला तिकडे किती दिवस लागतील सांगता येत नाही. म्हणजे छकुलीच्या लग्नाचं... अजून नक्की नाही म्हणालो होतो ना, ते अजूनही नक्की नाहीच असं समजा. तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. तिला मी अजून सांगितलेलं नाही. सकाळी तिने फोनच्या काचेलाच ओवाळलं, निरांजनाने काच धुरकटली म्हणून रागावली आणि म्हणाली, अक्षता टाकायला ये म्हणजे झालं. मी हसलो.

पैसे ऐंशी हजार सोमवारी पाठवलेत. त्यातून आधी सोसायटीचा हप्ता भरा. आल्याला कंदकुज लागली हे मला आईने नाही, शेजारच्या बाळूने सांगितलं. असं करू नका. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन लग्नानंतर असं ठरवू नका, आधी करा, मंडपात माणसं ओळखू तर आली पाहिजेत. हॉलच्या आगाऊ रकमेचं मी पुढच्या महिन्यात बघतो.

फलटणच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगी चांगली आहे, तिच्यात काही कमी आहे असं माझं म्हणणं नाही. अठ्ठावीस गुण जुळतात हेही वाचलं. पण मी येऊ शकत नाही तर ती मंडळी थांबणार कशाच्या भरवशावर? छकुलीचं होऊ दे, मग बोलू. मामांना तसं सांगा, पण "नाही म्हणाला" असं सांगू नका.

सोबत स्कीन्सचं एक चित्र पाठवतोय, रिफ्रॅक्टर आहे. आप्पा, सकाळी ओसरीच्या खांबापाशी ऊन येतं तिथे धरा आणि जरा तिरपं करा. बिनधास्त हात लावा. ते विकण्यासारखं राहिलेलं नाही, परवा चकली खाता खाता उचललं आणि वरच्या कोपऱ्यात अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. पुसलं तर ओरखडे आले.

आपला,
बंड्या

ता. क. पाडव्याला आईने विचारलं तेव्हा मी चित्रांच्या पाकिटांचा "एकच डबा घेतला" म्हणालो होतो. दोन घेतले. कव्हरं वगैरे धरून सातशे डॉलर झाले. आई, हे तू वाच, आप्पांना वाचून दाखवताना इथपर्यंत येऊ नकोस.