न फाडलेली पानं आणि पट्टीवाले काका

प्रिय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल, आणि वर तुमच्या साहेबांना उत्तरं देत बसावं लागेल. पण हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला दुसऱ्या ओळीतच कळलं असणार.

मी ज्या दुर्बिणीच्या मागे लागले होते ती आता पुण्यात नाही, 1912 पासून नाही. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी 5,000 रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले, आणि 1888 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रबच्या कारखान्यातली 20 इंची आरशाची दुर्बीण. आजच्या हिशेबात लहानच, पण पुढे कित्येक वर्षं देशात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. सगळा डोलारा एका माणसाच्या जिवावर: कावसजी दादाभाई नायगमवाला. ते निवृत्त झाले, वेधशाळेला कुलूप लागलं आणि सामान कोडाईकनालच्या वेधशाळेला रवाना झालं.

एवढं मला माहीत होतं. पुढचं शोधायला गेले तिथे काय झालं, त्याचं पुराण लावत नाही. एका कार्यालयात चार खेपा. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा किल्ली रजेवर. चौथ्या खेपेला एक गृहस्थ चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "पुण्यात असलं काही नव्हतंच हो. असतं तर आम्हाला ठाऊक नसतं का?" त्या दिवशी बसमध्ये मी रडले. बावन्न वर्षांची, तीस वर्षं फिजिक्स शिकवलेली बाई रडली. असो.

मग तुमच्या वाचनालयात आले. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, "1902... बघू" म्हणालात आणि आत गेलात. पाऊण तासाने आलात तेव्हा शर्टाच्या बाहीवर कोळिष्टकं होती आणि हातात 1902 साली छापलेला नायगमवालांचा अहवाल. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. मी अधाशासारखा उघडला, तर पुढची पानं उघडेनात. वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. छापून, दुमडून, शिवून आलेला फर्मा कापलाच नव्हता. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांत हे पुस्तक इथवर कुणी वाचलंच नव्हतं!

मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, "परवानगी लागेल." आणि लागतच असणार. तुम्ही आत जाऊन विचारून आलात, ड्रॉवरमधून प्लास्टिकची पातळ पट्टी काढलीत आणि सांगितलंत की तरुणपणी बाइंडरकडे होतो. पट्टी दुमडीत सरकवलीत, आडवी धरलीत आणि श्वास रोखून इतकी हळू ओढलीत की कागद फाटल्याचा आवाजही झाला नाही. मग पान न बघता पुस्तक माझ्याकडे फिरवलंत. "पहिलं तुम्ही वाचा. तुम्ही शोधत आलात."

काका, मला आयुष्यात पुरस्कार वगैरे मिळालेले नाहीत. मिळाले असते तरी ह्याच्या खालीच ठेवले असते.

मी वाचत गेले, तुम्हाला मराठीत सांगत गेले. जेऊर हा शब्द आला आणि तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. "करमाळ्याचं जेऊर? आमची आत्या तिथे दिलेली!" हो, तेच. तिथल्या माळावर नायगमवालांनी तळ ठोकला होता, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच होती. आणि सूर्य झाकलेला राहणार जेमतेम दोन मिनिटं. त्याच ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाला उतरले होते. किल्ल्यावरचे त्यांचे कट्टे बघून लोक आजही सांगतात की हेलियम इथेच सापडला. हेलियमचा सुगावा लागला तो 1868 च्या ग्रहणात, आणि तेव्हा लॉकयर इंग्लंडात होते, हे ऐकून तुम्ही "मग आमच्या सहलीला गाइडने थापच मारली की" म्हणालात आणि आपण दोघं वाचनालयात नको तेवढ्या मोठ्यांदा हसलो.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. हे लॉकयर म्हणजे वर्णपटाच्या, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून पाहण्याच्या, कामात नायगमवालांचे गुरू. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कड आहे, असं लॉकयर ठासून सांगत. पट्टा असता तर एका बाजूने तिची कड विरलेली दिसायला हवी. पुण्याच्या दुर्बिणीतून नायगमवालांनी पाहिलं तर रेषा दोन्हीकडून स्वच्छ, धारदार. गुरूचं चुकतंय, हे त्यांनी 1891 साली लंडनला छापून कळवलं. कॉलेजच्या आवारातली दुर्बीण, आणि तिने एवढं सांगितलं. ज्यांना ती "नव्हतीच" त्यांना हे कुठून कळायचं!

चांगली माणसं फार मोठं काही करत नाहीत, असं मला हल्ली वाटतं. ती समोरच्याचं काम क्षणभर आपलं समजतात, बस. माझी आई रेशनच्या रांगेत अनोळखी म्हाताऱ्यांची पिशवी धरून उभी राहायची, ती आठवली. तुम्हाला दुर्बिणीचं सोयरसुतक नव्हतं, पगारही वाढणार नव्हता. पाच वाजले, दिवे मालवायची वेळ झाली, तरी माझी शेवटची ओळ उतरून होईपर्यंत तुम्ही एक दिवा चालू ठेवलात आणि घड्याळाकडे पाठ करून उभे राहिलात.

मागचे दोन फर्मे अजून बंद आहेत. सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले की येते. पट्टी जपून ठेवा. आणि या वेळी पहिलं पान तुम्ही वाचायचं, मी शेजारी बसून अर्थ सांगेन.

तुमची,
दुर्बिणीवाल्या बाई