जवारीवाल्या चाचांच्या घरच्यांना, मिरजेला

आदरणीय चाची,

चाचांचा चाळिसावा होऊन गेला. त्या गर्दीत नीट बोलता आलं नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते एकट्यादुकट्याचं नाही. सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडच्या लहान गावांत गाणं शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांचं आहे, म्हणून हे खुलं पत्र.

मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती नवी नाही. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि मिरजेत हा धंदा रुजला. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांचं नाव मात्र कुठल्या पाटीवर नव्हतं. नवी वाद्यं त्यांनी थोडीच केली. त्यांचं काम दुरुस्तीचं आणि जवारीचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाज झंकारता करण्याचं, आणि त्यातलं त्यांनी कुणापासून काही लपवलं नाही. आमचे खरे आभार त्याबद्दल आहेत.

तंबोरा बोलेनासा झाला की आधी सगळे तारांना दोष देतात. चाचा तार बाजूला सारून घोडी दाखवायचे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार कडेवरून एकदम सुटत नाही, त्या उतारावर लोळत पुढे जाते, म्हणून षड्जाबरोबर वरचे स्वरही झंकारतात. रोज वाजवून तारेखाली चर पडतो आणि आवाज बसतो. मग घोडी काढून सपाट कानस, तिच्यानंतर बारीक पॉलिश कागद, पुन्हा घोडी बसवणं, तार चढवणं, ऐकणं, पुन्हा उतरवणं. घाईत एक हात जास्त पडला तर तार खरखरते आणि उतार नव्याने करावा लागतो. खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार जाड, तिचं आंदोलन मोठं, तेव्हा जोडाखालचा, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांखालचा, उतार तिला चालत नाही. चारही तारा एकाच मापाने घासणाऱ्याच्या हातात तंबोरा देऊ नका, असं ते बजावायचे.

आणि इथेच, चाची, तुमचे आभार. घोडी बसवून जोड छेडला की चाचा आतल्या खोलीकडे तोंड करून विचारायचे, "आता?" तुम्ही पोळी लाटता लाटता सांगायचात, "अजून बंद आहे." की कानस पुन्हा हातात. तुमचा होकार आल्याशिवाय वाद्य गवसणीत, म्हणजे त्याच्या खोळीत, गेलं नाही. आमच्या वर्गांत जे तंबोरे सुरेल वाजतात त्यात तुमचा कान आहे, हे आम्ही मुलांनाही सांगतो.

धाग्याचं शिक्षण तर त्यांनी शाळकरी पोरांनाही दिलं. शिवणाचा साधा सुती दोरा, एकपदरी, गाठ न मारलेला. तो तार आणि घोडीच्या मध्ये घालायचा, दोन्ही टोकं धरून केसभर मागे-पुढे सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने तार छेडत राहायची. एका जागी आवाज अचानक उघडतो, तिथेच थांबायचं. मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमाला उतरवली की ताण बदलतो, धाग्याची जागाही बदलते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले तंबोरे "बिघडले" म्हणून मिरजेला आले, आणि चाचांनी धागा सरकवून, चहा पाजून, एक पैसा न घेता परत पाठवले.

सूर लावतानाची त्यांची शिस्त आता आमचीही आहे. आधी तारांत ओवलेले चारही मणी घोडी आणि लंगोट (खाली तारा जिथे अडकवतात ती पट्टी) यांच्या मधोमध आणायचे, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. मग खुंटीने जोड, नंतर खर्ज, शेवटी पंचम. उरलेला फरक मण्याने काढायचा. मणी लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटी घसरत असेल तर काढून खडू लावायचा आणि आत दाबत फिरवायची. तेल कधीच नाही. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा जोर केला तर दांडीचं भोक फाटतं. तारा बदलायच्या त्या एकेक करून. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी जागची हलते, म्हणून तिच्या पायांभोवती आधी पेन्सिलची रेघ. भोपळा चुंबळीवर, भिंतीला टेकून कधी नाही. गवसणी सुती, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते.

माणूस म्हणून ते किती घरचे होते हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं! पण आमच्या बाजूने दिसलेलं एवढं नोंदवतो, की नातवंडं शाळेतून आली की कानस खाली ठेवली जायची, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. दर्ग्याच्या उरुसात, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ गाणं होतं तेव्हा, रात्री उशिरापर्यंत कलाकारांचे तंबोरे लावून देऊनही सकाळी मुलीला बसस्टँडवर सोडायला तेच हजर.

थोरल्या भाईंसाठी निरोप आहे. पावसाळा सरला की आम्ही आमचे तंबोरे जवारीसाठी त्यांच्याकडे पाठवतो आहोत. चाचांनी सांगितल्याप्रमाणे तारा थोड्या उतरवलेल्या असतील आणि प्रत्येक गवसणीत पट्टीची, म्हणजे षड्ज कोणत्या सुरावर लावायचा त्याची, चिठ्ठी असेल, काळी एक की काळी चार, म्हणजे त्या ताणावरच जवारी लागेल. घाई अजिबात नाही. फक्त मजुरी पूर्ण घ्यावी, धागा सरकवण्याचीसुद्धा. आणि चाची, घोडी बसल्यावर तुम्ही ऐकून सांगावं, ही विनंती.

आपले,
गावोगावच्या गायनवर्गांतले सर्वजण