दादा, व्हायोलिन बाहेर काढ

प्रिय दादा,

फोनवरच सांगणार होते, पण तू ऑफिसमधून दमून आलेला असतोस आणि आई मध्येमध्ये जेवलीस का विचारत राहते, म्हणून लिहितेच. परवा नाईट ड्युटी करून आले तर घरमालकीण आजींनी चहाला बोलावलं आणि एक जुनी एलपी लावली. केरी फिडल्स, म्हणजे इथल्या आयर्लंडच्या केरी भागातलं फिडलवादन. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाहीये.

हे रेकॉर्डिंग स्टुडिओतलं नाही. १९५२ साली शेमस एनिस बीबीसीसाठी गावोगाव फिरून संगीत रेकॉर्ड करत होता, स्वतः आयरिश पाइप, म्हणजे बॅगपाइपसारखं वाद्य, वाजवणारा मोठा माणूस, तो कॅसलआयलंडला आला आणि तिथल्या पबमध्ये तीन फिडलवाल्यांना बसवून वाजवायला लावलं. कॅसलआयलंड म्हणजे माझ्या ट्रॅलीपासून गाडीने अर्धा तास पण नाही रे! फिडल म्हणजे आपलंच व्हायोलिन, फक्त हे लोक खुर्चीत बसून वाजवतात, आपल्यासारखी मांडी घालून पायावर टेकवत नाहीत.

तिघांतले दोघं सख्खे भाऊबहीण, डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड. तिसरे त्यांचे गुरू पॉड्रिग ओ'कीफ. हे आधी शाळामास्तर होते, १९२० मध्ये नोकरी गेली, मग आयुष्यभर डोंगरातनं पायी फिरत घरोघर फिडल शिकवलं. नोटेशन स्वतःचं, चार तारांच्या चार जागा आणि त्यात बोटांचे आकडे, शून्य म्हणजे मोकळी तार. मला एकदम आपल्या सातारच्या क्लासच्या वह्या आठवल्या, सरांनी तुझ्या वहीत लिहून द्यायचं आणि मी उतरवून घ्यायचं.

त्या भागाला स्लीव लूखरा म्हणतात, लव्हाळ्यांचा डोंगर. तिथल्या नाचाच्या चाली, पोल्का आणि स्लाइड, एवढ्या उड्या मारतात की पाय गप्प बसतच नाही. स्लाइड म्हणजे तीन-तीनच्या वजनात पळणारी चाल, दादरा जोरात पळवला तर जसं वाटेल साधारण तसं. पण मला वेड लावलं ते जोडीने वाजवण्याने. दोघांची चाल एकच, हार्मनी वगैरे काही नाही, आणि मध्येच एकजण खाली मंद्रात उतरतो, दुसरा वरच. गज एकाच वेळी वळतात, थोडी खरखर ऐकू येते, कुणी कुणाच्या पुढे जात नाही. सवाल-जवाब नाही, चढाओढ नाही. आपल्याकडे जुगलबंदीत शेवटी टाळ्या कुणाला जास्त याकडे लक्ष जातंच ना, इथे ते मनातच येत नाही. मला हेच जास्त अवघड वाटतं, खरं सांगते.

आणि ऐक, ही भावंडं पुढे एकत्र राहिलीच नाहीत. डेनिस कामासाठी वर्षानुवर्षं अमेरिकेत, ज्युलिया लंडनला, तिकडे ती धातूचा कर्णा लावलेलं व्हायोलिन पण वाजवायची. एलपी निघाली १९७७ ला, तोपर्यंत मास्तर जाऊन १४ वर्षं झाली होती आणि डेनिसला ३. म्हणजे ज्युलियाने ती हातात घेतली तेव्हा तिघांतली ती एकटीच उरली होती. आजी हे सांगत होत्या आणि मला चहा गिळवेना, कारण तुझं व्हायोलिन कपाटावर चादरीत गुंडाळलेलं आहे आणि माझं इथे सहा महिन्यांत दोनदा उघडलंय.

ऑक्टोबरच्या शेवटी कॅसलआयलंडला ओ'कीफ मास्तरांच्या नावाचा फेस्टिव्हल असतो, रजा टाकलीये, मिळाली तर जाणारच.

तोपर्यंत एक कर. रविवारी व्हायोलिन काढ, तारा बदलून घे, राळ वाळली असेल तर सांग मी इथनं पाठवते. सरांनी शिकवलेली भूपची गत वाजव, सावकाश, चुकलं तरी थांबू नकोस, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठव. तू वर वाजव, मी हेडफोन लावून खालच्या सप्तकात वाजवते आणि तुला परत पाठवते.

आईला म्हणावं जेवले, भाकरी पण केली होती. बीपीची गोळी चुकवू देऊ नकोस तिला.

तुझी,
छकुली